राहायला कुठं बे? (सोलापुरातलं लहानपण)

कडकभाकरी

सोलापूरकर सोलापूरकराला परगावात भेटला की नाव नंतर विचारतो, आधी "राहायला कुठं बे?" आणि उत्तर आलं की समोरच्याच्या घरात कोणती भाषा बोलतात, बाप काय करायचा, लहानपणी नळ घरात होता का बोळात, सगळं कळाल्यासारखं वाटतं. साखर पेठ म्हणलं की तेलुगू, बाळीवेस म्हणलं की कानडी, विजापूर वेस म्हणलं की उर्दू, चौपाड म्हणलं की भटजी-वकील, रेल्वे लाइन्स म्हणलं की डॉक्टर नायतर कारखानदार. पुण्याच्या पेठांवर खंडीभर लिहून आलंय, आमच्या गावावर कोण लिहिणार, म्हणून हा धागा.

मी एन.जी. मिलच्या चाळीतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावात तेव्हा गिरण्या म्हणजे नरसिंगगिरजी (तीच एन.जी.), लक्ष्मी-विष्णू, जाम, आणि सगळ्यात आधीची जुनी गिरणी, १८७७ ची, ती माझ्या जन्माआधीच बंद पडलेली. पण "जुन्या मिलपाशी" हा पत्ता गिरणी मेल्यावरही चालूच. आमच्या चाळीत दोन खोल्या, बाहेर सामायिक नळ, संडास लांब, रांगेत टमरेल ठेवून पोरं गोट्या खेळायची. भोंगा झाला की आई चहा टाकायची, घरात घड्याळ होतं पण ते भोंग्यावर लावायचं.

आता गंमत सांगतो. चाळीत राहणारे आम्ही स्वतःला गरीब समजायचोच नाही. वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामात, परमनंट. पीएफ, ईएसआयचं कार्ड, दिवाळीला बोनस. बोनस झाला की नवी पेठेत कपडे आणि भागवत टॉकीजला पिक्चर. आमच्यापेक्षा खाली कोण, तर 'बदली'वाले, म्हणजे कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी घेतलेले, त्यांच्या खाली पूर्वभागातले, गावाच्या तेलुगू बाजूचे, पॉवरलूमवरचे मागवाले, कारण मागवाल्याला कार्ड नाही, पगार आठवड्याचा, मालकाशी भांडला की दुसऱ्या दिवशी दुसरा माग बघायचा. गिरणीवाल्याची पोरगी मागवाल्याला द्यायची नाही हे चाळीतल्या बायका उघड बोलायच्या. जात वेगळी असायची त्यामुळं तसंही दिली नसती, पण कारण सांगताना नोकरीचं सांगायच्या.

तुम्ही कुठले, आणि शाळेत कुठले म्हणून सांगायचात? (दोन्ही एकच असेल असं नाही.)

सातरस्ता

मी तुमच्या यादीतली रेल्वे लाइन्स 😀 वडील डॉक्टर, बंगला जुना दगडी, मागं विहीर, त्यामुळं उन्हाळ्यात अख्खं गाव घागरी घेऊन पळत असताना आमच्याकडं बागेला पाणी चालू असायचं, आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की पाणीटंचाई ही खेडेगावातली गोष्ट आहे.

दवाखाना मात्र पूर्वभागात, अशोक चौकाकडं. सुट्टीत कधीकधी वडिलांबरोबर जायचे. ते पेशंट आत येतानाच ओळखायचे. मोठ्यानं बोलणारा माणूस म्हणजे मागावरचा, खटखट ऐकून ऐकून ऐकू कमी येतं म्हणून. वाकून चालणारी, मानेला पट्टा नायतर बाम लावलेली बाई म्हणजे विडीवाली, तिचा अंगठा आणि तर्जनी बघायचे. खोकला दोघांनाही, एकाला सुताच्या धुळीचा एकीला तंबाखूचा. फी काही वेळा पैशात नसायची, आमच्या घरात चादरी आणि टॉवेल विकत आणलेले मला आठवतच नाहीत.

संध्याकाळी गाडी सात रस्त्याला वळली की एकदम झाडं आणि शांतता. वीस मिनिटांचा रस्ता फार तर. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं अशोक चौक बघितलेला नव्हता, त्या महाबळेश्वरला दरवर्षी जायच्या.

अण्णाचीपोर

@सातरस्ता, तुमचे वडील कोण ते मला बहुतेक कळालं, नाव घेत नाही 🙏 आमच्या अव्वाला (आजीला) त्यांच्याच गोळ्या लागू पडायच्या.

मी साखर पेठेतली, पद्मशाली. आजोबा तेलंगणातून आलेले, तेव्हा निजामाचं राज्य होतं, तिकडं हातमागावर पोट भरेना म्हणून अर्धं गाव उठून सोलापूरला. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, दुकानात तेलुगू, चौथीपर्यंत शाळासुद्धा तेलुगू. मराठी मला पाचवीत भेटली आणि ती पण अशी, की बाईंनी विचारलं "काल का आली नाहीस", मी म्हणलं "आई आजारी होता." वर्ग हसला. ते हसणं दहावीपर्यंत पुरलं.

विड्यांचं सांगते, कारण लोकांना वाटतं की कारखान्यात जाऊन करतात. नाही, घरीच. कारखान्याच्या ब्रँचमधून पानं आणि तंबाखू मोजून द्यायचे. पानं भिजवून ओल्या फडक्यात रात्रभर, सकाळी साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं. आई वळायची, दोरा बांधायची आणि तोंडं बंद करायचं काम आम्हा पोरींचं, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. हजारावर मजुरी. संध्याकाळी ब्रँचला नेल्या की तपासणारा बसलेला असायचा, वाईट म्हणून छाट काढायचा, ती मजुरीतून गेली, आणि छाटलेल्या विड्या परत पण नाही मिळायच्या. त्या कुठं जायच्या हे सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं कोण?

लग्न ठरवताना मुलगी दिवसाला किती वळते हे विचारायचे. रंग, शिक्षण नंतर. माझी मोठी बहीण हजारच्या वर सहज जायची, तिला स्थळांची रांग, मी अभ्यासात हुशार तर माझं काय करायचं कुणाला कळेना.

शाळेतल्या एका मैत्रिणीकडं चौपाडात गेले एकदा. त्यांनी लाडू दिला, चांगल्याच वागल्या सगळ्या. निघताना तिची आजी म्हणाली "हिच्या अंगाला तंबाखूचा वास येतो गं." वाईट हेतूनं नाही, जसं कुणी म्हणेल पाऊस आलाय तसं. त्यानंतर शाळेत जाताना मी दोरा बांधायला नकार द्यायला लागले आणि आईचा मार खाल्ला तो वेगळा.

चौपाडकर

माफ करा पण हे जरा एकतर्फी होतंय. मी चौपाडातच वाढलो, विठ्ठल मंदिराच्या मागं. आमच्या वेळेला असलं काही नव्हतं. सगळ्या जातीची पोरं एकत्र खेळायची, गणपतीत एकत्र लेझीम खेळायची, गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत, एकत्र फिरायची. परिस्थिती आमचीही काही फार चांगली नव्हती, वडील कोर्टात कारकून, वाड्यात भाड्यानं दीड खोली. हल्ली जिथं तिथं भेदभाव शोधायची फॅशन आलीय.

बाळीवेस

@चौपाडकर मालक, एकत्र खेळायची हे खरंय. जेवायला कोण कोणाकडं बसायचं ते सांगा की.

आमच्या पेठेचं वेगळं. बाळीवेशीत श्रीमंत आणि गरीब एकाच बोळात. पुढं अडत दुकानदाराचा तीन मजली वाडा, त्याच्याच मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या, त्यात त्याचेच हमाल भाड्यानं. दोघंही लिंगायत, दोघांच्या गळ्यात लिंग, दोघांकडं सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. फरक तुपाचा. वाड्यातल्या हुग्गीत तूप वर तरंगायचं. पण हमालाचं पोरगं वाड्यात थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि मालकीणबाई कानडीतून त्याला तिच्या पोरासारखीच शिवी घालायची. त्यामुळं आम्हाला लहानपणी पैशाचा फरक कळाला तो फार उशिरा, जातीचा लवकर.

गड्ड्याचं निघालंच म्हणून. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, आम्ही काठ्या म्हणतो. पहिली हिरेहब्बूंची, मग देशमुखांची, माळ्यांची, विश्वब्राह्मणांच्या दोन, शेवटच्या दोन मातंग समाजाच्या. सगळ्यांना पांढरी बाराबंदी, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ओरडताना कोण कुठला कळत नाही. आमचे शिक्षक म्हणायचे बघा किती समता. आमचा आप्पा म्हणायचा, समता आहे, पण क्रम पण आहे 😀

कडकभाकरी

आप्पाला साष्टांग नमस्कार.

चौपाडकर साहेब, धागा कुणाला शिव्या द्यायला काढलेला नाही, दीड खोलीतलं तुमचं पण लिहा की सविस्तर. वाड्यातलं भाडेकरू असणं ही वेगळीच गोष्ट आहे, मालकाच्या पोरानं नळावर आधी हंडा लावायचा वगैरे. ते कुणी लिहीत नाही.

रुळापलीकडचा

बरेच दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

वर सगळ्यांनी पेठा सांगितल्या. स्टेशनच्या अलीकडं रेल्वे लाइन्स. पलीकडं काय? पलीकडं रामवाडी, लिमयेवाडी आणि आमचं सेटलमेंट. सोलापुरात "सेटलमेंट" म्हणलं की माणूस खिसा चाचपतो, माझ्यासमोर चाचपलेला आहे.

नव्या पोरांना माहीत नसतं म्हणून लिहितो. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला, काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. पारधी, कैकाडी, भामटे, टकारी अशांना पकडून तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास. सोलापूरची सेटलमेंट मोठी, कारण इथं गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात पाहिजे होते. म्हणजे कुंपणातून थेट गिरणीत आणि गिरणीतून कुंपणात. ज्यांची वागणूक 'सुधारली' त्यांना तारेच्या बाहेर घरं, ती फ्री कॉलनी. आजही पत्त्यात लिहितो आम्ही, सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक. स्वातंत्र्य देशाला १९४७ ला मिळालं, कायद्यातून आमची पूर्ण सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ला. आमच्याकडं तो विमुक्त दिन. आजोबा पंधरा ऑगस्टला घरीच बसायचे, एकतीसला नवा शर्ट.

तार गेली पण फौजदार गेला नाही. गावात कुठं घरफोडी झाली की रात्री आमच्याकडं गाडी. मी पाचवी-सहावीत असेन, वडील गिरणीत रात्रपाळीला होते, हजेरीच्या वहीत सही होती, तरी पहाटे घरी आल्यावर उचलून नेले. चुलत्यांनी गिरणीच्या जॉबरला (मुकादमाला) ठाण्यात नेऊन उभं केलं तेव्हा सुटले. आई दुसऱ्या दिवशी मला शाळेत पाठवताना म्हणाली, कुणी विचारलं तर काका आजारी होते म्हण.

@कडकभाकरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शाळेत मी "स्टेशनच्या मागं" राहायचो. अर्जावर "रामवाडी". कॉलेजात एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो घरी येतो म्हणाला तर त्याला स्टेशनवर भेटलो, म्हणलं मलाच इकडं काम आहे. नोकरी लागली, मग पोलीस व्हेरिफिकेशन. तिथं खरा पत्ता लागतो. मला काही नव्हतंच तरी तिथल्या माणसानं कागद बघून वर बघितलं आणि म्हणाला, "तुमच्यातलं कुणी एवढं शिकतंय होय?" कौतुकानं म्हणाला तो. सही पण लगेच दिली.

वर कुणीतरी म्हणलंय गिरणीवाले, बदलीवाले, मागवाले. त्या उतरंडीत आमचे लोक पण गिरणीतच होते, शेजारच्या साच्यावर. मधल्या सुट्टीत डबा मात्र वेगळ्या झाडाखाली.

सातरस्ता

वाचलं. आमच्या गच्चीवरून रूळ दिसायचे. पलीकडचे दिवे पण दिसायचे. आम्हाला सांगितलं होतं अंधार पडला की त्या बाजूला जायचं नाही, का ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

चौपाडकर

@रुळापलीकडचा, वडील कोर्टात असल्यामुळं एवढं सांगू शकतो की ते म्हणायचे, पोलिसांना केस बसवायची असली की पहिला कागद कुठल्या वस्तीचा निघणार हे आम्हाला आधीच माहीत असतं. १९५२ नंतर 'सवयीचे गुन्हेगार' म्हणून दुसरा कायदा आलाच की, नाव बदललं. बाकी माझा मुद्दा मी सोडत नाही, पोरं एकत्र खेळायची म्हणजे खेळायचीच. पण तुमच्या भागातलं कुणी आमच्या टीममध्ये होतं का, तर नव्हतं.

कडकभाकरी

@रुळापलीकडचा, डब्याचं खरंय. वडिलांकडून ऐकलंय, ते सांगताना "त्यांचं त्यांचं झाड" असं म्हणायचे.

गिरणी बंद झाली तेव्हाचं लिहितो, कारण उतरंड तेव्हा उलटीपालटी झाली. लक्ष्मी-विष्णू आधी, एन.जी. नंतर. आधी पगार लांबला, मग 'चर्चा चालू आहे', मग गेटवर कुलूप. परमनंट म्हणून मिरवणारी माणसं पन्नाशीत रिकामी. देणी मिळायला इतकी वर्षं गेली की कित्येकांच्या बायकांनी सह्या केल्या. आणि मग काय, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच मागवाल्यांकडं ज्यांना पोरगी द्यायची नाही म्हणायचे, तिथं रात्रपाळीचे वॉचमन. मालक तेलुगू, गिरणीतल्या माणसाला मान द्यायचा, "मामा" म्हणायचा. वडिलांना मागावर बसता आलं असतं, पण गिरणीतल्या साच्यावर काम केलेला माणूस पॉवरलूमच्या शेडमध्ये कामगार म्हणून जाणार नाही, वॉचमन चालेल. हा माज म्हणा नायतर काय म्हणा. चाळीतल्या अर्ध्या घरांत तेव्हा बायकांनी विड्या वळायला शिकून घेतल्या, दारं लावून.

अण्णाचीपोर

दारं लावून! 😂 आमच्या अव्वाकडं शिकायला एक मराठी बाई यायची दुपारची, पिशवीत सूप लपवून. अव्वा तिला तेलुगूत सांगायची, ती मराठीत विचारायची, तरी महिन्याभरात हात बसला. नंतर चांगली मैत्री झाली दोघींची, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा ती आमच्या कट्ट्यावर बसून बघायची, आमच्यात त्या दिवशी पुरुष जानवं बदलतात ते बघून म्हणाली "अगं तुमच्यात पण?" अव्वाला त्या "तुमच्यात पण"चा फार राग आला होता, दोन दिवस बोलली नाही.

जुळ्यातला

मी नव्वदीतला, जुळे सोलापूर. रो हाऊस, वडील बँकेत. आमच्या इथं सगळेच नवीन, पेठेतून आलेले, पूर्वभागातून आलेले, चाळीतून पण. बाहेर पाटीवर आडनाव, आत मार्बल. इथं कुणी कुठला विचारत नव्हतं असं मी म्हणणार होतो, पण हा धागा वाचून आठवलं की विचारायचे, फक्त "मूळचे कुठले" असं विचारायचे.

आणि पाणी. सोलापुरात आता श्रीमंती पाण्यावरून मोजा. उजनी भरलेली असो नसो, नळ रोज नाही, काही दिवसाआड. फरक येतो साठवण्यात. बंगल्यात सम्प, वर टाक्या, बोअर, त्यांना कळत पण नाही आज पाणी आलं का नाही. अपार्टमेंटला सोसायटीची टाकी. पेठेत पिंपं. झोपडपट्टीत पिंपं पण ठेवायला जागा नाही म्हणून रस्त्यावर रांगेत निळी पिंपं, झाकणाला कुलूप. पाण्याच्या दिवशी विडीवाल्या बायकांचा खाडा, मजुरी गेली.

अण्णाचीपोर

अगदी. आईला गोदुताई परुळेकर नगरात घर मिळालं, कुंभारीला, विडी कामगारांची दहा हजार घरं, कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांनी कित्येक वर्षं मोर्चे काढून करवून घेतलेली. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते चाव्या द्यायला. आई तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या कागदावर सही करून आली, अंगठा नाही, सही, महिनाभर मी शिकवली होती. पुढं रे नगरची तीस हजार, त्यातली पंधरा हजार २०२४ च्या जानेवारीत मोदींनी दिली, ते भाषणात भावुक झालेले तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल.

घर छान आहे, स्वतःचं आहे, पावसात गळत नाही. पण गावाबाहेर. एक मोठा डॉक्टर बघायचा तर सात रस्ता, रिक्षा लावून. शहरातल्या गरिबांना घर मिळालं हे खरंच, आणि शहरातल्यांना ते दिसायचे बंद झाले हे पण. आधी निदान अशोक चौकातून गाडी नेताना विड्यांचा वास यायचा.

आईला कुणी विचारलं तर अजून साखर पेठच सांगते.

पाहुणा_पुण्याचा

नमस्कार, सगळा धागा एका दमात वाचून काढला, भारी लिहिताय. जरा अवांतर आहे, पण माझी बदली सोलापूरला एनटीपीसीला झालीय. घर भाड्यानं कुठं बघू? मुलगी दुसरीत आहे.

जुळ्यातला

होटगी रोड नायतर जुळे. कंपनीला जवळ पडेल. बोअर आहे का आणि त्याला उन्हाळ्यात पाणी असतं का हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको.

बाळीवेस

पेठेत घ्या हो, शेंगाचटणी घराखाली मिळेल. पार्किंग मिळणार नाही.

रुळापलीकडचा

आमच्याकडं दोन खोल्या रिकाम्या आहेत. स्टेशन पाच मिनिटांवर, पाणी बरं येतं, भाडं होटगी रोडच्या निम्मं.

पाहुणा_पुण्याचा

@रुळापलीकडचा धन्यवाद 🙏 बायकोशी बोलून कळवतो.

कडकभाकरी

कळवा बरं का. वाट बघालोय आम्ही सगळे.